लेआ, राहेल आणि आपण दोघी

अक्का,

पाळकसाहेबांनी तुझ्या कबरीपाशी उभं राहून सांगितलं की आपली बहीण विसाव्यात गेली, अब्राहामाच्या उराशी जाऊन बसली, आणि तिच्या आधी गेलेले सगळे तिला भेटले असतील. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मीही लावला, पण माझे डोळे कोरडे होते. सगळे म्हणजे कोण, एवढंच माझ्या मनात घोळत होतं. अब्राहाम भेटला, इसहाक भेटला, त्याचं मला काही नाही. पण धन्यांना जाऊन तीन वर्षं झाली. म्हणजे तुम्ही दोघं आता एका ठिकाणी, आणि मी इथं सोलापुरात, गिरणीच्या भोंग्यावर उठून चूल पेटवणारी.

तुझ्यावर मूठभर माती टाकताना माझ्या मनात हे होतं. आज चौदा दिवस झाले, अजून जात नाही. म्हणून लिहायला बसले. अक्षरं तूच मला गिरवायला लावलीस, तेव्हा त्यांचा त्रासही तूच सोस.

मंडळीतली नवी माणसं मला म्हणतात, तुमची बहीण गेली. जुन्यांना माहीत आहे, पण तेही तो शब्द तोंडातून काढत नाहीत. आपण दोघींनीही तो कधी उच्चारला नाही. आज लिहून टाकते. तू माझी मावसबहीण होतीस आणि सवत होतीस.

मला त्या घरात आणलंस तूच. लग्नाला सात वर्षं होऊन तुझी कूस उजवली नाही, तेव्हा धनी काही बोलत नव्हते, त्यांची आई बोलत होती. तू मोहोळकडच्या आपल्या गावी आलीस आणि माझ्या आईला म्हणालीस, "परकी आनन्यापरीस माझी सोनी काय वाईट हाय?" मला वाटलं, अक्काबरोबर शहरात राहायला मिळणार. नवऱ्याचा विचार मी नंतर केला. चाळीतल्या त्या एका खोलीत तू मला तुझी जागा दिलीस, तुझं लुगडं दिलंस, चुलीपुढचा पाट दिलास. मार्था झाली, हे नाव तिला पुढं बाप्तिस्म्यात मिळालं, मग दान्या झाला. दोघांची नाळ कापली तेव्हा माझा हात तुझ्याच हातात होता. त्या वर्षांत मी तुझा हेवा केला असेन, पण मला तो ओळखू येत नव्हता. खरा हेवा पुढे आला, तू घर सोडून गेलीस तेव्हा.

धन्यांना मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी वाचायला शिकवलं आणि त्यांचं मन तिकडं लागलं. दोन वर्षं ते उपासनेला मागच्या बाकावर जाऊन बसत. बाप्तिस्मा मात्र मिळेना, कारण घरात दोन बायका. शेवटी एका रविवारी दुपारी पाळकसाहेब आणि मंडळीतले दोन वडील आपल्या खोलीवर आले. धनी खाली मान घालून बसले होते. मी चुलीपाशी दान्याला पाजत होते.

"दोघींतली एक," पाळकसाहेब हळूच म्हणाले. त्यांनाही ते सोपं जात नव्हतं. "सदाशिवराव, मंडळीचा नियम आहे. मी तो बदलू शकत नाही."

"मी कुनाला न्हाय म्हनू?" धनी म्हणाले. "तुमीच सांगा."

वडिलांपैकी एक जण म्हणाले, "पहिली तीच खरी. दुसरीला तिच्या माहेरी पोचवावं, लेकरांची सोय मिशन बघेल."

अक्का, माझी आई वारली होती. माहेर असं काही राहिलंच नव्हतं. मी धन्यांकडं बघितलं, त्यांनी मान वर केली नाही. तू पदर खोचून पुढं आलीस आणि त्यांच्यासमोर उभी राहिलीस.

"पयली मीच न्हवं?"

"हो बाई."

"मंग पयलीचा जो काय हक असंल त्यो माजा. ठिवायचा का सोडायचा, त्ये बी माजंच." तू धन्यांकडं एकदाही बघितलं नाहीस. "हिच्या पदरात दोन लेकरं हायती. मी जाते. तेवढं लिवून घ्या."

त्याच संध्याकाळी तू मिशनच्या दवाखान्यामागच्या खोलीत राहायला गेलीस आणि तिथं आया म्हणून कामाला लागलीस. मी वाचले. माझी लेकरं वाचली. तुझे पाय धरावेत एवढं तू केलं होतंस, आणि मी काय बघत होते, तर धन्यांनी त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. मला वाटलं होतं, मी राहिले म्हणून त्यांना थोडं तरी बरं वाटेल.

त्यात आणखी एक झालं. दोन बायकांची अडचण पुरुषाला होती. बाईला नवरा एकच, त्यामुळे तुला बाप्तिस्मा द्यायला कुणाची हरकत नव्हती. धन्यांच्या दोन महिने आधी तू पांढरं लुगडं नेसून सगळ्या मंडळीसमोर उभी राहिलीस. धनी मागच्या बाकावरून तुझ्याकडं बघत होते. इतकी वर्षं तुझ्याबरोबर संसार केलेला माणूस तुझ्याकडं असा बघत होता की जणू तू कुठून आलीस ते त्याला ठाऊक नाही. माझ्याकडं कुणी तसं बघितलेलं नाही. पुढं आमचा बाप्तिस्मा झाला, ते पुरुषांच्या बाजूला पुढं बसू लागले, पण गीत म्हणताना त्यांचे डोळे पुस्तकात नसायचे. ते कुठं असतात हे मला मान न वळवता कळायचं.

घर मला मिळालं होतं, आणि घरात ते गप्प असायचे. ते तुझ्या खोलीवर कधी गेले नाहीत, तूही कधी आमच्या उंबऱ्याच्या आत आली नाहीस. मला संशयाला जागा असती तर बरं झालं असतं. भांडले असते, मोकळी झाले असते. तुम्ही दोघांनी मला तेवढंही दिलं नाही. शेंगांची चटणी तू कुटून मार्थाच्या हाती पाठवायचीस. पहिल्या घासालाच ते थांबायचे आणि काही न बोलता हळूहळू जेवायचे. मी तुला विचारायला आले, तू कशी करतेस. तू लपवलं नाहीस. "लसून आदी घालू नगंस, मागनं घाल," म्हणालीस. मी मागून घातला. तरी ते माझ्या चटणीला थांबले नाहीत.

त्या बुधवारची गोष्ट तुला आठवत असेल. दुपारी मिशनच्या कंपौंडातल्या कडुलिंबाखाली बायकांचा वर्ग भरायचा. पाळकसाहेब प्रभूच्या जन्माआधी मेलेल्या भाविकांविषयी सांगत होते. अब्राहाम, मोशे, दावीद, यांनी तर प्रभूला डोळ्यांनी पाहिलं नाही, मग त्यांचं तारण कसं? पाळकसाहेब म्हणाले, ते विश्वास धरून मेले आणि अधोलोकात वाट बघत राहिले. हातात तिकीट आहे, पण गाडी अजून यायची आहे, असे मुसाफिर जसे सोलापूर टेशनावर बसून असतात तसे. मग वधस्तंभानंतर प्रभू स्वतः खाली गेला आणि त्यांना घेऊन वर आला, असं पुष्कळ जुनी माणसं मानत आली आहेत.

तू हात वर केलास. "याकोब बी?"

"याकोबही."

"आनि त्याच्या बायका?"

"लेआ आणि राहेल. दोघीही."

"दोगी बी येकाच ठिकानी?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. तू मात्र हसत नव्हतीस.

"मंग याकोबाला कुनी इचारलं न्हाय, दोगीतली कंची ठिवतोस म्हनून?"

पाळकसाहेब चष्मा परत डोळ्यांवर चढवत म्हणाले, "तो काळ वेगळा होता, चंद्राबाई."

"काळ येगळा. बरं," तू म्हणालीस आणि खाली बसलीस. तुझ्या बोलण्यात तक्रार नव्हती. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यामुळेच मला ते सोसलं नाही. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तितं लगीनच नसतंय. तितं कुनी कुनाची बायको न्हाय, परभूनं सोता सांगून ठिवलंय."

तू माझ्याकडं वळून बघितलंस. "मंग तुजी काळजी मिटली की, सोने."

किती वर्षं मी त्या वाक्याला उत्तर शोधत होते. माझी काळजी मिटली नव्हती. लेआ आणि राहेल मनातून जाईनात. वर्गात पुढं ती सगळी गोष्ट आली. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच याकोबाच्या बायका; लेआला लेकरं होती आणि राहेलवर नवऱ्याचा जीव होता. मी झाडाखाली बसून बोटं मोडत होते. मला कुणी सांगायला नको होतं यातली मी कोण.

दान्याला मुदतीचा ताप आला तेव्हा एकवीस दिवस तू त्याच्या खाटेपासून हलली नाहीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधानं नाही, या बाईच्या हातानं पोर वाचलं. बाविसाव्या दिवशी त्यानं डोळे उघडले, मी पुढं झाले, आणि तो म्हणाला, "मोठी आई कुटं हाय?" मी देवाचे आभार मानले आणि तुझा राग केला, दोन्ही एका श्वासात. तू भिंतीपाशी उभी होतीस. तू त्याला म्हणालीस, "आई हितं हाय बग, तुज्या म्होरं," आणि बाहेर निघून गेलीस.

मग धन्यांच्या छातीत गिरणीतल्या कापसाचा फुफाटा बसला. खोकला थांबेना, दवाखान्यात ठेवावं लागलं. तू तिथं आया. जे इतकी वर्षं तुला करता आलं नाही ते आता तुझं कामच झालं. अंग पुसणं, उशी लावणं, पाणी पाजणं. मी दोन वेळा डबा घेऊन यायचे आणि पाहुण्यासारखी खाटेच्या कडेला बसायचे. त्या दिवशी दुपारी मी भाकरी घेऊन आले तेव्हा तू दारात उभी होतीस. तू माझ्या हातातला डबा घेतलास. ते अर्ध्या घटकेपूर्वी गेले होते. तुझ्या हातांवर.

मी तुला विचारलं, "शेवटाला काय म्हनले?"

"पानी मागितलं."

मी ते खरं मानलं नाही. तू काहीतरी दडवतेस, असं मी तीन वर्षं धरून चालले. एखादं नाव असेल, एखादा शब्द असेल, तुला मिळालेला आणि तू माझ्यापासून राखून ठेवलेला.

ते गेल्यावर आपलं भांडण उलटं झालं, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? तिथं नवरा-बायको असं काही नसतं, असं आता तू म्हणू लागलीस, आणि मी चिडू लागले. मला ते तिथं माझे म्हणून हवे होते. इथं कधी पुरते मिळाले नाहीत, निदान तिथं तरी मिळावेत. तू म्हणायचीस, "तितं इसावा आसंल गं. कुनाचं कोन, हे वजं हितंच उतरून जायाचं." मी म्हणायचे, "तुला सोपं हाय म्हनायला." तू का सोपं ते विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही.

तुझं पोटाचं दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता औषध नाही. मी तुला घरी आणलं. मोठेपणानं आणलं असं समजू नकोस. मार्था शिक्षिका झाली आहे, तिनं डोळे वटारले, म्हणून आणलं. इतक्या वर्षांनी तू तो उंबरा ओलांडलास आणि आत येऊन म्हणालीस, "चुलीची जागा बदलली व्हय?" सहा आठवडे मी तुझं सगळं केलं. तुझे केस धुतले, ते एवढे कमी झालेले बघून मला बरं वाटलं आणि मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली. तुझी पाठ शेकताना मला कळलं की धनी गेल्यापासून मी कुणाच्या अंगाला हात लावलेला नाही.

जायच्या आदल्या दिवशी, ऊन दारात आलेलं होतं, तू आपणहून बोललीस.

"सोने, त्यांनी पानीच मागितलं हुतं गं."

मी तुझं पांघरूण सारखं केलं.

"तुला पटलं न्हाय, मला ठावं हाय. मी बी वाट बगत हुते. वाकून कान लावला हुता त्यांच्या तोंडाला. मला वाटलं, आता तरी काय तरी म्हनतील. पानी म्हनले. मी पाजलं. तेवढंच."

मी तुझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला तोवर वाटत होतं की आपल्या दोघींत उपाशी मी एकटीच आहे. त्या वेळी तुझा हात धरायला हवा होता. म्हणायला हवं होतं की अक्का, त्यांनी मला कधी जे दिलं नाही ते तू दिलंस, घर दिलंस, लेकरं राखलीस, अक्षरं दिलीस. मी म्हणाले, "पेज आनू का?" तू म्हणालीस, "आन." सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आत तू गेलीस.

आता जे केलं ते सांगते. पाळकसाहेब आले आणि मला दाराबाहेर बोलावून म्हणाले, "सदाशिवरावांच्या कबरीच्या एका बाजूला रस्ता आहे, दुसरी बाजू मोकळी आहे. ती तुमच्यासाठी राखलेली आहे. पण आज तुम्ही म्हणाल तर," आणि पुढं बोलले नाहीत. मला याकोब आठवला. त्यानं मरताना सांगितलं होतं, मला लेआशेजारी ठेवा. राहेल वाटेतच राहिली, वाटेतच तिला पुरलं. साऱ्या गोष्टीत लेआला नवऱ्याकडून मिळालं ते एवढंच.

"ती जागा माझी हाय," मी म्हणाले.

तुला कबरस्तानाच्या पश्चिमेच्या भिंतीकडेला पुरलं. घरी आल्यावर मार्था माझ्याशी बोलेना. दुसऱ्या दिवशी बोलली. "मोठ्या आईनं तुला अख्खं घर दिलं. तू तिला सहा फूट जमीन दिली नाहीस." एवढंच म्हणून ती शाळेला निघून गेली.

जमीन माझ्याकडं राहिली आणि तरी तू पुढं गेलीस, अक्का. तीच आग मला झोपू देईना. शेवटी परवा मी पाळकसाहेबांकडं गेले आणि सरळ विचारलं, ती दोघं आता भेटली असतील का? पाळकसाहेब आता म्हातारे झाले आहेत. त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, "सोनाबाई, खरं सांगू? मला पुरतं ठाऊक नाही. पण शास्त्रात एक गोष्ट आहे. ते जुने भाविक, अब्राहामापासूनचे, यांना जे वचन दिलं होतं ते पुरतं हाती आलं नाही. देवानं ते राखून ठेवलं. आपल्यावाचून ते पूर्ण होऊ नयेत, म्हणून."

"म्हंजी अब्राहाम बी वाट बगतोय? आमची?"

"तसंच म्हणायला हवं. मागून येणाऱ्यांशिवाय पुढं गेलेल्यांना सगळं मिळत नाही. सगळे मिळून."

मी तिथंच रडले. तू गेल्यावर पहिल्यांदा. त्यांना वाटलं, सांत्वन झालं म्हणून रडते. सांत्वनच होतं ते. एवढा मोठा अब्राहाम, त्यालाही थांबवून ठेवलंय, तर माझी अक्काही थांबलेली असणार. धनीही. मी येईपर्यंत तुमच्यातल्या कुणाच्या हाती पुरतं काही लागायचं नाही.

मग मी विचारलं, कबर उकरून तुला तिकडं हलवता येईल का. ते म्हणाले, आता नाही. मी म्हणाले, मग माझं नाव तिथून काढा. माझी वेळ आली की मला पश्चिमेच्या भिंतीला ठेवा, अक्काच्या शेजारी.

त्यांनी विचारलं, "आणि सदाशिवरावांशेजारची जागा?"

"ऱ्हाऊ द्या मोकळी."

मार्थाला कळल्यावर तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. तिला वाटतं मी तुला क्षमा केली, का मागितली, तिचं तिलाच ठाऊक. तुला मात्र खोटं सांगणार नाही. तू नेहमी माझ्याआधी उठायचीस. मी जागी व्हायचे तोवर तुझं अंगण झाडून झालेलं असायचं. शेवटच्या दिवशी हाक आली की कबरींतले सगळे उठतील म्हणतात. तेव्हा मला तुझ्यापासून हातभर अंतरावर असायचं आहे. तू कूस बदललीस तरी मला चाहूल लागेल. मी तुझा पदर धरीन. जायचं ते दोघींनी मिळून जायचं, अक्का, आणि एकीनं पुढं व्हायचं नाही.

तुझी,
सोनी